वर्गाची खिडकी कधी उघडायची? शाळेतल्या हवेचं मोजमाप मुलांच्या हाती देताना

घोडबंदर रस्त्याला किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून असलेल्या शाळेत एक पेच रोजचाच असतो. खिडक्या उघडल्या की धूळ-धूर आत येतो, आणि लावून घेतल्या की पन्नास मुलांच्या श्वासाने वर्ग कोंदटतो. पावसाळ्यात तर झडीमुळे खिडक्या लावाव्याच लागतात. या पेचाचं उत्तर पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. ते शाळेगणिक, मजल्यागणिक आणि महिन्यागणिक बदलतं. ते शोधायला लागणारी यंत्रं आता शाळेच्या आवाक्यात आली आहेत, आणि उत्तर सापडलं तर खिडकीची कडी मुलांच्या हाताशीच आहे. परवानगी, निविदा, निधी यांची वाट पाहावी लागत नाही. आठवी-नववीच्या गटाला एक शैक्षणिक वर्ष पुरेल असा हा प्रकल्प आहे.

आधी प्रश्न, मग यंत्र

बहुतेक शाळांत हे उलटं होतं. अटल टिंकरिंग लॅबच्या अनुदानातून हवेचा सेन्सर येतो, तो फाटकावर लागतो, पडद्यावर आकडा झळकतो, पाहुणे येऊन फोटो काढतात आणि दोन महिन्यांनी त्यावर जाळं धरतं. त्या यंत्राला कुणी काही विचारलेलंच नसतं.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. प्रश्न असतो, पण यंत्राला न झेपणारा. ‘शाळेच्या बसमुळे फाटकावरची हवा किती बिघडते?’ हा प्रश्न मुलांना हटकून सुचतो. पण शाळांत वापरला जाणारा स्वस्त लेझर सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतो. पीएमएस५००३ हा त्यातला लोकप्रिय सेन्सर ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण जेमतेम निम्मे टिपतो आणि त्याहून बारीक कण त्याच्या हाती लागत नाहीत. गाडीच्या नळकांड्यातून नुकतेच बाहेर पडलेले बहुतेक कण ०.१ मायक्रॉनहून लहान असतात. म्हणजे बस डोळ्यांदेखत धूर ओकते आणि आकडा फारसा हलत नाही. मग मुलं एक तर यंत्राला खोटं ठरवतात, नाहीतर बसला निर्दोष. दोन्ही निष्कर्ष चुकीचे.

जाड धुळीचंही तसंच आहे. खडूची पूड, झाडू मारल्यावर उडणारी माती यांचे मोठे कण या सेन्सरमध्ये नीट मोजले जात नाहीत. पडद्यावर ‘पीएम १०’ (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) म्हणून दिसणारा आकडा बराचसा अंदाजाचा असतो, त्याच्यावर काही उभं करू नये. या सेन्सरला चांगलं दिसतं ते पालापाचोळा किंवा कचरा जाळल्याचा धूर, फटाके, उदबत्ती आणि हिवाळ्यातलं सर्वदूर पसरलेलं धुरकं. त्यामुळे आपला प्रश्न असा ठेवायचा: वर्गात शिळी हवा किती साठते, बाहेरचे सूक्ष्म कण किती आत येतात आणि खिडक्यांच्या कोणत्या मांडणीत दोन्ही कमीत कमी राहतात? याला दोनच मोजमापं लागतात, कार्बन डायऑक्साइड आणि पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण.

इथे एक गोष्ट पहिल्याच दिवशी मुलांशी बोलून घ्यावी. वर्गातला कार्बन डायऑक्साइड १,५०० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत १,५०० भाग) गेला म्हणून तो विषारी झाला असं नाही. तो फक्त खूण आहे. आकडा जितका चढा, तितकी दुसऱ्यांनी उच्छ्वासावाटे सोडलेली हवा आपण पुन्हा घेतोय.

काय आणायचं

दोन पेट्या करायच्या, एक वर्गात आणि एक त्याच वर्गाच्या खिडकीबाहेर. प्रत्येक पेटीत लागेल:

- ईएसपी३२ डेव्हलपमेंट बोर्ड (सगळे सेन्सर चालवणारा छोटा संगणक), ३० पिनांचा, वरूम मॉड्यूलचा
- पीएमएस५००३ कणसेन्सर, त्याच्या बारीक आठ तारांच्या केबलसकट
- बीएमई२८० तापमान-आर्द्रता सेन्सर
- डीएस३२३१ घड्याळ मॉड्यूल
- मायक्रो एसडी मॉड्यूल आणि ३२ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड
- ५ व्होल्ट, २ अँपिअरचा मोबाइल चार्जर आणि चांगली केबल

वर्गातल्या पेटीत याशिवाय एससीडी४१ हा कार्बन डायऑक्साइड सेन्सर. त्याचाच स्वस्त भाऊ एससीडी४० मिळतो, पण त्याची अचूकता २,००० पीपीएमपर्यंतच सांगितलेली आहे आणि बंद वर्ग ती मर्यादा सहज ओलांडतो. दोन्ही पेट्या मिळून साधारण दहा ते पंधरा हजारांत होतात. त्यातला मोठा वाटा सेन्सरचाच असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात प्रत्यक्ष जाऊन घेतलंत तर वस्तू हातात धरून तपासता येते, आणि इथे तपासणं गरजेचंच आहे.

पहिला फसवा माल म्हणजे बीएमई२८० च्या नावाखाली विकला जाणारा बीएमपी२८०. तो आर्द्रता मोजतच नाही. मॉड्यूलवरची चकचकीत धातूची डबी बघावी. बीएमईची चौरस असते, बीएमपीची थोडी लांबट. खात्री हवी असेल तर चिपचा ओळख-क्रमांक वाचावा. बीएमईचा हेक्स (सोळाच्या पायावरच्या अंकपद्धतीत) ६० येतो, बीएमपीचा हेक्स ५८.

दुसरा धोका जास्त महाग पडतो. एमक्यू१३५, सीसीएस८११ यांसारखे सेन्सर ‘कार्बन डायऑक्साइड सेन्सर’ म्हणून अनेक शाळांच्या कपाटात पडलेले असतात. ते कार्बन डायऑक्साइड मोजत नाहीत. हवेतल्या इतर वायू-बाष्पांवरून एक आकडा बांधतात. साधी परीक्षा अशी: सेन्सरपासून हातभर अंतरावर हातांना सॅनिटायझर चोळा. आकडा एकदम उसळला तर तो सेन्सर या कामाचा नाही.

जोडणी

सगळं एकदम जोडून मग ‘चालत नाही’ म्हणत बसण्यापेक्षा एकेक भाग जोडावा, चालवून बघावा, मगच पुढचा घ्यावा. क्रम असा ठेवा.

१. आधी घड्याळ आणि बीएमई२८०. दोन्ही आय-टू-सी या एकाच दोन तारांच्या वाटेवर बसतात. एसडीए तार बोर्डाच्या जीपीआयओ २१ या पिनेला, एससीएल २२ ला, वीज ३.३ व्होल्टची. आर्डुइनो आयडीई या, बोर्डात प्रोग्राम भरायच्या सॉफ्टवेअरमधला आय-टू-सी स्कॅनर चालवला की पत्ते दिसले पाहिजेत. घड्याळ हेक्स ६८, बीएमई२८० हेक्स ७६ किंवा ७७. घड्याळाच्या मॉड्यूलला ५ व्होल्ट देऊ नका. बाजारातल्या बऱ्याच मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करणारी जोडणी असते आणि सीआर२०३२ हा सेल चार्ज करायचा नसतो. ३.३ व्होल्टवर ही अडचण येत नाही.

२. मग एससीडी४१, त्याच दोन तारांवर. त्याचा पत्ता हेक्स ६२. मोजताना तो क्षणभर जास्त वीज ओढतो. त्याच वेळी वाय-फाय चालू असेल तर बोर्ड अधूनमधून आपोआप रीसेट होताना दिसतो. वाय-फाय बंद ठेवणं हा त्यावरचा सोपा उपाय. शाळेच्या वाय-फायला नाहीतरी लॉगिनचं पान आडवं येतं, आणि ईएसपी३२ ला २.४ गिगाहर्ट्झचंच जाळं चालतं. नोंद कार्डवर ठेवावी, आठवड्यातून एकदा कार्ड काढून आणावं. आकडे थेट मोबाइलवर दिसण्याचं आकर्षण मुलांना असतंच, पण ते दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा.

३. पीएमएस५००३. याच्या पंख्याला ५ व्होल्ट लागतात, म्हणून वीज व्हीआयएन पिनवरून घ्यायची. सेन्सरची टीएक्स तार जीपीआयओ १६ ला, वेग ९,६०० बॉड. सेट आणि रीसेट या तारा मोकळ्या ठेवल्या तरी चालतं. सेन्सर सुरू झाल्यावर पहिल्या ३० सेकंदांचे आकडे टाकून द्या. चुकून व्रोव्हर मॉड्यूलचा बोर्ड आणला असेल तर १६ आणि १७ या पिना आतल्या मेमरीत गुंतलेल्या असतात. मग कितीही वेळ तारा तपासल्या तरी आकडा येत नाही.

४. शेवटी एसडी कार्ड. सीएस ५ ला, क्लॉक १८ ला, मिसो १९ ला, मोसी २३ ला. सहा पिनांच्या नेहमीच्या मॉड्यूलवर स्वतःचा व्होल्टेज नियामक असतो. त्याला ३.३ दिले तर कार्ड कधी सापडतं, कधी नाही. ५ व्होल्ट द्या. कार्ड एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करा.

प्रोग्राममध्ये दर पाच सेकंदांनी वाचन आणि दर मिनिटाला सरासरीची एक ओळ: तारीख, वेळ, पीएम २.५, कार्बन डायऑक्साइड, तापमान, आर्द्रता. दर दिवसाला नवी फाइल, आणि प्रत्येक ओळीनंतर फाइल बंद करायची. नाहीतर वीज गेली की अख्ख्या दिवसाची नोंद जाते. पीएमएस५००३ प्रत्येक वाचनात आकड्यांचे दोन संच पाठवतो, एक कारखान्यातल्या प्रमाणाचा आणि एक ‘वातावरणीय’. स्वच्छ हवेत ते सारखे दिसतात, धुरकट हवेत फाकतात. दोन्ही पेट्यांत वातावरणीय संचच वापरा आणि तसं वहीत लिहून ठेवा.

पेटी आणि तिची जागा

बाहेरच्या पेटीसाठी नळकामाचे चार इंची पीव्हीसी एल्बो उत्तम. दोन एल्बो एकात एक बसवून उलट्या ‘यू’सारखा आकार करायचा, दोन्ही तोंडं खाली. पाऊस आत येत नाही, हवा येत राहते. तोंडांना दीड-दोन मिलिमीटरची जाळी लावा. मच्छरदाणीची बारीक जाळी धुळीने चोंदते, आणि जाळीच नसेल तर पाली नि कोळी बिऱ्हाड करतात. कोळ्याचा एक धागा लेझरसमोर आला की मध्यरात्रीही ‘प्रदूषण’ दिसू लागतं. सेन्सरची हवा घेण्याची भोकं आणि हवा टाकणारा पंखा एकाच अंगाला असतात. दोघांच्या मध्ये फोमची छोटी भिंत चिकटवा, म्हणजे बाहेर टाकलेली हवा पुन्हा आत ओढली जाणार नाही.

बाहेरची पेटी वर्गाच्याच मजल्यावर, खिडकीपासून हातभर बाजूला. खाली कँटीनचा धूर नको, शेजारी एसीचं बाहेरचं युनिट नको. वर्गातली पेटी बसलेल्या मुलाच्या नाकाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून एक ते सव्वा मीटरवर. खिडकी-दारापासून किमान एक मीटर आणि जवळच्या मुलापासून दीड मीटर लांब. शिक्षकांच्या टेबलावर ठेवली तर ती मुख्यतः शिक्षकांचा श्वास मोजते.

वीज कुठून घ्यायची हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण अर्धे प्रकल्प तिथेच अडखळतात. शाळा सुटली की शिपाईकाका मजल्याचा मेन स्विच पाडतात, आणि ते योग्यच आहे. पण मग रात्रीची नोंद होत नाही, आणि रिकाम्या वर्गाची रात्रीची नोंद हाच आपला पाया असतो. सीसीटीव्हीची लाइन सहसा चोवीस तास चालू असते. मुख्याध्यापकांच्या परवानगीने आणि इलेक्ट्रिशियनच्या हातून एक पॉइंट तिच्यावरून घ्या. शिपाईकाकांना प्रकल्पात पहिल्या दिवसापासून सामील करून घ्या. खिडक्या सकाळी कोण उघडतं आणि संध्याकाळी कोण लावतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी

नव्या सेन्सरचा आकडा जसाच्या तसा खरा धरू नये. पीएमएस५००३ च्या उत्पादकानेच घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमपर्यंत दहा मायक्रोग्रॅम इकडे-तिकडे चालेल असं सांगितलं आहे. म्हणजे एक सेन्सर आत ४२ आणि दुसरा बाहेर ५० दाखवत असेल, तर त्या फरकाला काहीच अर्थ नसू शकतो.

म्हणून दोन्ही पेट्या तीन दिवस शेजारी-शेजारी व्हरांड्यात ठेवा. तासाच्या सरासरी काढा आणि आलेख-कागदावर एका अक्षावर पहिली पेटी, दुसऱ्यावर दुसरी असे ठिपके मांडा. ठिपके एका सरळ रेषेत आले आणि दुसरी पेटी सातत्याने पहिलीच्या १.१५ पट दाखवत असेल, तर पुढे तिचे आकडे १.१५ ने भागायचे. ठिपके विखुरलेले असतील तर भागाकाराने काही साधत नाही. तारा, जाळी, पंखा तपासा. ही जुळवणी दर दोन महिन्यांनी पुन्हा करा.

एससीडी४१ चं दुखणं वेगळं. तो आपोआप स्वतःला दुरुस्त करतो. आठवड्याभरात दिसलेला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची ताजी हवा असं तो गृहीत धरतो. रात्री कडेकोट बंद राहणाऱ्या वर्गात ताजी हवा येतच नसेल, तर तो चुकीचा पाया धरतो आणि दर आठवड्याला थोडा खोटा होत जातो. ही स्वयंदुरुस्ती प्रोग्राममधून बंद करा. महिन्यातून एकदा दुपारच्या वाऱ्यात पेटी गच्चीवर न्या, वीस मिनिटं चालू ठेवा, सगळ्यांनी दोन मीटर दूर उभं राहा आणि मग ४२० पीपीएम धरून हाताने जुळवणी करा. आकडा बघायला कुणी पेटीवर वाकलं की तो शंभरने चढतो. हे एकदा मुद्दाम होऊ द्यावं, मुलांच्या कायमचं लक्षात राहतं.

बाहेरच्या पीएम २.५ ची तुलना सरकारी केंद्राशी करता येते. नवी मुंबईत नेरूळ, महापे, ऐरोली इथे आणि ठाण्यात उपवन, कासारवडवली इथे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची सतत मोजणारी केंद्रं आहेत. त्यांचे तासागणिक आकडे केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. पण ती केंद्रं आपल्या शाळेपासून काही किलोमीटरवर असतात, म्हणून त्यांच्यावरून आपला सेन्सर जुळवू नका. चढ-उतारांची चाल जुळते का, एवढंच पाहा.

कोण काय करणार

बारा मुलं पुरे, तीन-तीनचे चार गट. यंत्रगट पेट्या आणि कार्ड सांभाळतो, नोंदगट वही ठेवतो, गणितगट आलेख काढतो आणि चौथा गट निष्कर्ष इतर वर्गांपर्यंत नेतो. दर महिन्याला जागा बदला, नाहीतर सोल्डरिंग कायम मुलांकडे आणि सुबक अक्षरातली वही कायम मुलींकडे जाते. शिक्षकांनी सोल्डरिंगच्या वेळी शेजारी उभं राहावं, ड्रिल स्वतः चालवावं, परवानग्या काढाव्यात. आलेखाचा अर्थ मात्र स्वतः सांगू नये. हे शेवटचं सर्वांत अवघड आहे.

वही कागदाचीच हवी. तासाच्या सुरुवातीला एक ओळ: वेळ, हजर मुलं, किती खिडक्या उघड्या, दार उघडं की बंद, किती पंखे, पाऊस आहे का, जळका वास येतोय का. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ही वही नसेल तर यंत्राने जमवलेल्या हजारो ओळींतला चढ-उतार कशामुळे झाला हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रयोग

वेळापत्रक हवामानावरून ठरवा. जूनमध्ये शाळा उघडल्यावर जोडणी, जुलैत जुळवणी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पावसामुळे बंद राहणाऱ्या खिडक्यांच्या काळात कार्बन डायऑक्साइडचा अभ्यास. पीएमचा मुख्य अभ्यास दिवाळीच्या सुट्टीनंतर, नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळ्यात पाऊस हवेतले बरेच कण धुऊन नेतो. शिवाय आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी धरून फुगतात आणि लेझर सेन्सर फुगवलेला आकडा देतो. तेव्हा ८० टक्क्यांवरच्या आर्द्रतेतल्या सगळ्या नोंदी आलेखात करड्या रंगाने दाखवा आणि सरासरीतून वगळा. हिवाळ्यातल्या सकाळी सातच्या अधिवेशनातही हे घडतं. परदेशात तयार झालेली आर्द्रता-दुरुस्तीची सूत्रं इथल्या हवेला डोळे झाकून लावू नयेत.

सुरुवातीचे दहा शालेय दिवस काहीही बदलायचं नाही. पेटीवर आकडा दाखवणारा पडदा लावला असेल तर तो झाकून ठेवा. आकडा दिसला की कुणीतरी उठून खिडकी उघडतंच, आणि मग मूळ स्थिती कधी कळतच नाही. त्याआधी प्रत्येक मुलाने आपला अंदाज चिठ्ठीवर लिहून पाकिटात टाकावा: वर्गात कमाल किती पीपीएम होईल, आणि बाहेरच्या कणांपैकी किती टक्के आत येतील?

मग चार मांडण्या: सगळ्या खिडक्या आणि दार उघडं, फक्त एका बाजूच्या खिडक्या, सगळं बंद आणि पंखे चालू, आणि चौथी, तास चालू असताना बंद पण दोन तासांच्या मध्ये पाच मिनिटं सगळं सताड उघडं. प्रत्येकीला पाच दिवस. कोणत्या दिवशी कोणती, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. सलग आठवडे दिलेत तर एखाद्या आठवड्यात वारा पडला आणि तेवढ्यावरून ती मांडणी वाईट ठरली असं होतं. वर्ग एसीचा असेल तर पाचवी मांडणी आपोआप मिळते. मुलांना इथे धक्का बसतो, कारण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच गार करून फिरवतो. पंख्याचंही तेच.

गणित

बारा-चौदा वर्षांचं मूल बसल्या जागी ताशी साधारण १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. पन्नास मुलं म्हणजे ताशी ७५० लिटर. वर्ग ८ बाय ६ मीटरचा आणि सव्वातीन मीटर उंच असेल तर आकारमान सुमारे १५५ घनमीटर. पूर्ण बंद वर्गात आकडा मिनिटाला ८० पीपीएमने चढायला हवा. पस्तीस मिनिटांच्या तासात २,८०० ची भर. प्रत्यक्षात दार-खिडक्यांच्या फटी असल्यामुळे चढ याहून कमी निघतो. किती कमी, यावरून फटींचा अंदाज येतो.

नेमकं मोजायचं असेल तर मधली सुट्टी कामाला येते. मुलं बाहेर गेली की आकडा उतरू लागतो. समजा सुट्टीच्या सुरुवातीला १,८२० आणि बाहेर ४२०, म्हणजे जादा १,४००. हा जादा भाग निम्मा, म्हणजे ७०० व्हायला किती मिनिटं लागली ते पाहा. ४२ ला त्या मिनिटांनी भागलं की तासाला वर्गाची हवा किती वेळा बदलते ते मिळतं. अकरा मिनिटं लागली तर ३.८ वेळा. यामागे लॉगॅरिदम आहे, पण नववीच्या मुलांना भागाकार पुरतो. एकच अट: त्या वेळात वर्ग खरोखर रिकामा हवा. डबा खायला मागच्या बाकावर चार जण थांबले तर उत्तर चुकतं.

उलट तपासणीही करता येते. तासाला ३.८ वेळा हवा बदलणाऱ्या १५५ घनमीटरच्या वर्गात ताशी सुमारे ५९० घनमीटर ताजी हवा येते. त्यात ७५० लिटर, म्हणजे पाऊण घनमीटर कार्बन डायऑक्साइड मिसळला तर वर्ग भरलेला असताना आकडा बाहेरच्यापेक्षा सुमारे १,२७० ने वर स्थिरावला पाहिजे. मोजलेला आकडा याच्या जवळपास आला तर यंत्र, वही आणि गणित एकमेकांशी जुळतात. फार फरक पडला तर आधी हजेरीची नोंद तपासा, मग सेन्सर.

पीएमसाठी एकच गुणोत्तर काढायचं, आतला आकडा भागिले बाहेरचा, त्याच तासाचा. १ च्या जवळ म्हणजे बाहेरचं जवळपास सगळं आत येतंय. १ च्या वर गेलं तर उगम वर्गातच आहे. प्रार्थनेच्या वेळची उदबत्ती किंवा डासांची कॉइल इथे पकडली जाते.

एका मिनिटाच्या आकड्याला मर्यादेची फूटपट्टी लावू नका. भारतात पीएम २.५ ची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, पण ती चोवीस तासांच्या सरासरीची. वार्षिक मर्यादा ४० ची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली पातळी बरीच कडक, चोवीस तासांना १५ आणि वर्षाला ५. हवा निर्देशांक (एक्यूआय) काढायलाही किमान तीन प्रदूषकं आणि सोळा तासांची नोंद लागते. तेव्हा ‘आज आमच्या वर्गाचा एक्यूआय ११०’ असं फळ्यावर लिहू देऊ नका.

निर्णयाची पाटी

वीस दिवसांच्या नोंदींतून मुलांनी खिडकीशेजारी लावायला एक पाटी बनवायची. हिवाळ्यात इथे पहाटे-सकाळी हवा जमिनीलगत दबून राहते आणि दुपारी खाडी-समुद्राकडचा वारा सुटला की मोकळी होते. त्यामुळे ‘सकाळच्या अधिवेशनात तास बदलताना पाच मिनिटं, दुपारी सताड उघड्या’ असा नियम निघण्याची शक्यता आहे, पण तो तुमच्या नोंदींतून निघाला पाहिजे. रस्त्याच्या बाजूच्या आणि मैदानाच्या बाजूच्या वर्गांचे नियम वेगळे निघाले तर दोन पाट्या करा. पेटीला पडदा असेल तर तो आता उघडायचा आणि तीन रंगांचे दिवे लावायचे: १,००० पीपीएमखाली हिरवा, १,५०० पर्यंत पिवळा, वर लाल. पाटी लावल्यावर आणखी दहा दिवस मोजा. आकडे सुधारले नाहीत तर नियम चुकला असेल, किंवा कडी गंजल्यामुळे खिडकी उघडतच नसेल. कडीचं कारण वाटतं त्याहून जास्त वेळा निघतं.

शाळेबाहेर जायचं असेल तर जपून. वहीत रोज सव्वादहाला जळका वास आणि बाहेरच्या पेटीत त्याच वेळी उसळी, असं पुन्हा पुन्हा दिसलं तर शेजारी पाला जाळला जात असावा. स्वस्त सेन्सरचा आकडा पुरावा म्हणून नेऊ नये. तारीख-वेळेची यादी आणि एक आलेख घेऊन शाळा व्यवस्थापन समितीमार्फत प्रभाग समितीच्या किंवा विभाग कार्यालयाच्या घनकचरा विभागाकडे जावं, ‘या वेळेला येऊन पाहा’ एवढंच मागावं. अशी विनंती सहसा कुणी नाकारत नाही. राष्ट्रीय बालविज्ञान काँग्रेससारख्या स्पर्धेच्या विषयात बसत असेल तर हाच अभ्यास तिथे मांडता येतो, पण स्पर्धेच्या तारखेसाठी जुळवणीचे दिवस कापू नका. परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

मार्चमध्ये यंत्रगटाने पेट्या उतरवून सेन्सरच्या तोंडावरची धूळ मऊ ब्रशने आणि हातपंपाने काढावी. सेन्सर उघडू नये. कॉम्प्रेसरची हवाही मारू नये, पंख्याची पाती तुटतात. पीएमएस५००३ चं आयुष्य साधारण तीन वर्षांचं, म्हणून तो कधी सुरू केला ती तारीख पेटीवर मार्करने लिहा. पेट्या सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात, एसडी कार्डाची प्रत शाळेच्या दोन संगणकांवर, आणि प्रोग्राम, तारांची आकृती, जुळवणीचे गुणक असं सगळं वहीच्या पहिल्या चार पानांत. सातवीतल्या तीन मुलांना फेब्रुवारीपासूनच यंत्रगटासोबत बसवा, म्हणजे जूनमध्ये पेटी उघडणारं कुणीतरी शाळेत असेल.